बावीस अंश वीस कला

श्रावणातल्या एका दुपारी तांडेलांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ती अलिबागला शाळेत शिकवते, आता तिचीही निवृत्ती जवळ आली आहे. म्हणाली, येत्या रविवारी पुण्याहून एक बाई यंत्र बघायला येणार आहेत, त्या जुन्या ज्योतिषयंत्रांचा अभ्यास करतात. काका, तुम्ही नक्की या, बाबांच्या वेळचं सांगू शकेल असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आई सारखं म्हणतेय, मी जायच्या आधी एकदा कळू दे, माझा माणूस खोटा होता की खरा.

मी येतो म्हटलं. ताटातला भात तसाच राहिला. सुनेनं विचारलं, कुणाचा फोन होता. जुन्या ओळखीतलं आहे, असं सांगून मी हात धुवायला उठलो.

तांडेलांना जाऊन पंचवीस वर्षं होत आली. ते खरे होते. हे त्यांच्या बायकोला सांगू शकणारा जगात मी एकटाच होतो, आणि मी तीस वर्षं गप्प होतो. का गप्प होतो ते आता लिहितो. माझं वय शहात्तर आहे. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

रेवदंड्याच्या बाजारात आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. विक्री थोरला भाऊ बघायचा, भांड्यांवर नावं मी घालायचो. बारीक छिन्नी डाव्या हाताच्या तीन बोटांत उभी धरायची, उजव्या हातातल्या लहान हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि दर ठोक्याला छिन्नी कणीएवढी पुढे सरकवायची. अक्षर असं ठिपक्याठिपक्यांनी उठतं. लांबून पाहिलं तर सलग रेघ दिसते, डोळ्याजवळ नेलं की ठिपके दिसतात. माझं अक्षर चांगलं होतं. चौल, नागावपासून लोक लग्नाची भांडी घेऊन माझ्याकडे यायचे.

या कामाच्या काही रीती होत्या. घासून घासून नाव पुसट झालं की तेच नाव पुन्हा उजळून द्यायचं. भांडं एका घरातून दुसऱ्या घरी गेलं, म्हणजे भावाभावांच्या वाटणीत गेलं किंवा आईचं लेकीला मिळालं, तर जुनं नाव ठोकून सपाट करायचं आणि नव्या घराचं नाव घालायचं. भांडं जिथे नांदतं तिथलं नाव त्याच्यावर असायला हवं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मात्र जुनं नाव पुसण्याआधी त्याचा छाप घेऊन ठेवायचा, हा वडिलांचा दंडक होता. पतंगाचा पातळ कागद नावावर पसरायचा आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासायची. पुढे कुणी तक्रार घेऊन आलं तर आधी काय होतं ते दाखवता आलं पाहिजे.

तांडेल माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मचव्यावर ज्याच्या शब्दावाचून जाळं पाण्यात पडत नाही तो तांडेल. त्यांचं नाव कुणीच घेत नसे, सगळे तांडेलच म्हणत, मीही तेच लिहितो. कोळीवाड्यात त्यांचं घर होतं आणि घरातल्या देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, एक पितळेचं यंत्र होतं.

यंत्र पसरलेल्या पंजाएवढं होतं. जाड गोल तबकडी, तिला उभा काठ, वर अडकवायला कडी. काठावर तीनशे साठ अंशांच्या बारीक रेघा, दर पाच रेघांनंतर एक लांब. तबकडीच्या पोटात एक पातळ पाटी बसवलेली. तिच्यावर क्षितिजाची वाकडी रेघ आणि त्या रेघेच्या वर एकात एक लहान होत गेलेली वर्तुळं, विहिरीत वाकून पाहिल्यावर कड्या दिसतात तशी. पाटीच्या वर एक जाळी होती, पत्रा कापून वेलीसारखी केलेली. वेलीला नखांसारखी टोकं, एकेका ताऱ्याचं एकेक टोक, आणि टोकाशी त्या ताऱ्याचं नाव: रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती. पाठीमागे फिरणारी पट्टी, तिला भोकं पाडलेले दोन कान. त्या भोकांतून तारा बघायचा, त्याची उंची मोजायची, मग पुढची जाळी फिरवून त्या ताऱ्याचं टोक पाटीवरच्या तेवढ्याच उंचीच्या वर्तुळावर आणायचं, की किती घटका रात्र झाली ते काठावर वाचता येतं. हे सगळं एका मधल्या खिळ्यावर फिरायचं आणि खिळ्यात घोड्याच्या तोंडाची एक पाचर होती.

त्याचा उपयोग मला आज कळतो. तेव्हा ते मला एक सुंदर भांडं वाटायचं. पाटीच्या खालच्या अंगाला मुंगीएवढ्या अक्षरांत तीन ओळी होत्या. अक्षांश, त्याखाली छाया, त्याखाली परमदिन, आणि प्रत्येकापुढे आकडे.

तांडेलांच्या घरात त्याची गोष्ट अशी सांगत. त्यांचे पणजोबा गलबत घेऊन गुजरातेत खंबायतला जायचे. तिथल्या खाडीत भरतीचं पाणी एकदम उभं राहतं. त्या पाण्यात एक होडी उलटली, पणजोबांनी उडी टाकून एका ज्योतिषाला वर काढलं, आणि त्याने आपल्या हातातलं यंत्र त्यांना देऊन टाकलं. तेव्हापासून ते देव्हाऱ्यात. दर दसऱ्याला घरातल्या बायका पाचर काढून त्याचे सगळे भाग सुटे करत आणि चिंच-राखेने चकचकीत घासत. चार पिढ्यांच्या बायकांनी मनापासून घासलेलं ते यंत्र. रेघा आणि आकडे निम्म्याहून जास्त झिजले होते.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी तांडेल ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून दुकानात आले. पाचर ढिली झालीय, तेवढी घट्ट कर आणि जरा साफ कर, एवढंच सांगून गेले. कोरायला त्यांनी सांगितलं नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे.

पाचर दहा मिनिटांत झाली. मग मी पाटी उजेडात तिरकी धरली आणि झिजलेल्या रेघा बघून माझ्या हाताला सुरसुरी आली. भाऊ दुपारी घरी जेवायला जाई, बाजार झोपलेला असे. मी सवयीप्रमाणे पतंगाचा कागद ठेवून छाप घेतला. डोळ्यांना दिसत नव्हतं ते कागदावर उमटलं. अक्षांश बावीस अंश वीस कला, साठ कलांचा एक अंश. छाया चार अंगुळं छप्पन. परमदिन तेहेतीस घटी सव्वीस पळं. पुढच्या चार-पाच दुपारी मी वर्तुळं उजळली, ताऱ्यांची नावं उजळली, काठाच्या रेघा उजळल्या. मूळ कारागिराने टोकदार अवजार ओढून रेघा कापल्या होत्या, मी त्यांच्यावरून ठोके देत गेलो.

शेवटी अक्षांशाची ओळ राहिली. माझ्या मुलाच्या शाळेचा नकाशा घरी होता. त्यात पाहिलं, तर आपलं गाव साडेअठरा अंशांवर. बावीस कुठून आलं? मग मनात आलं की यंत्र चार पिढ्या या घरात नांदतं आहे, त्याच्यावर या घराचं गाव असायला हवं. माझ्या धंद्यात हा विचार इतका रोजचा होता की मी त्याच्यापुढे क्षणभरही थांबलो नाही. पाटी ऐरणीवर पालथी ठेवली, जुना आकडा ठोकून बसवला, खरवडला, घासला, आणि त्या जागी माझ्या सुबक अक्षरात अठरा अंश तीस कला घातलं. खालची छाया आणि परमदिन होते तसेच उजळले. सावलीची लांबी आणि सगळ्यात मोठा दिवस हे दोन्ही आकडे वरच्या एका आकड्याला बांधलेले असतात, हे मला ठाऊक नव्हतं.

ऐरणीवर पाटी ठोकताना ती एकदा वेगळीच वाजली, तडा गेलेल्या घंटेसारखी. मी उचलून पाहिली. तडा नव्हता. पण तो आवाज अजून कानात तसाच आहे.

तांडेल यंत्र न्यायला आले आणि बघतच राहिले. त्यांना वाटलं, घाण निघाल्यामुळे रेघा वर आल्या. "चिंचेनं एवढं निघालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. गलबतावरचा माणूस, अंश-कला त्यांना कळत. म्हणाले, "साडेअठरा. हे तर आपलंच बंदर रं भाऊ." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला सांगता आलं असतं. ते इतके खूश होते की मला बोलवेना, आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताचं कौतुक होत होतं, भले ते चिंचेच्या नावावर होत असेल.

त्या दिवसापासून तांडेलांची गोष्ट बदलली. ज्योतिषाने आपलं यंत्र दिलं, हे मागे पडलं. त्याने खास रेवदंड्यासाठी यंत्र बनवून दिलं, असं ते सांगू लागले. पुरावा म्हणून साडेअठराचा आकडा दाखवत. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवत. मला ते ऐकून बरं वाटत नसे, पण सवय झाली.

वर्षभराने ही गोष्ट कुठेतरी पोहोचली आणि मुंबईहून एक जाणकार गृहस्थ यंत्र तपासायला आले. वस्तू अस्सल असेल तर ती एका संग्रहात मांडायचा विचार होता. तांडेलांनी अंगणात खुर्ची टाकली, शेजारपाजार गोळा झाला, त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चहा केला. मी मागे, शेवग्याच्या झाडाशी उभा होतो.

त्या गृहस्थांनी भिंग काढलं, कंपास काढला, पाटीवरच्या वर्तुळांची अंतरं मोजली, वहीत गणित केलं. पाऊण तास हे चाललं. मग त्यांनी सौम्यपणेच सांगितलं. वर्तुळं एका गावाची आहेत, आकडा दुसऱ्या गावाचा, सावली पुन्हा पहिल्याच गावाची. यंत्र जाणणारा माणूस असं कधी करणार नाही. रेघा ठोकलेल्या आहेत आणि ताज्या आहेत. हौशी गिऱ्हाइकांना विकायला अशा वस्तू हल्ली बनवतात. तांडेल म्हणाले, आमच्या घरात शंभर वर्षांच्या वर आहे. गृहस्थांनी विचारलं, मधल्या काळात कुणी याच्यावर काम केलं होतं का. तांडेलांनी सरळपणे माझ्याकडे हात केला.

सगळं अंगण वळलं. गृहस्थ म्हणाले, "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. साफ केलं फक्त."

मी घाबरलो होतो. बाजारात नाव जाईल, भाऊ काय म्हणेल, पुन्हा कोण भांडं देईल, हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी एकच भीती होती, तांडेल माझ्याकडे कसे बघतील याची. ते तसे बघू नयेत म्हणून मी त्यांना अख्ख्या गावाच्या नजरेखाली ढकललं.

बंदरावर थट्टा सुरू व्हायला दोन दिवस पुरले. तांडेल येताना दिसले की कुणीतरी ओरडे, "तांडेल, यंत्रात किती वाजलं?" आणि दुसरा म्हणे, कुठल्या गावचं विचारतोस ते आधी सांग. जाळी विणत बसलेले सगळे हसत. मी तिथे असलो की मीही हसायचो. न हसावं तर कुणी विचारील, तुला काय झालं, अशी भीती वाटे. तांडेल आधी शिव्या घालत, मग नुसते बघत, मग बंदरावर यायचेच बंद झाले. ज्याच्या हुकमावर दहा माणसं समुद्रात जात, तो माणूस ओटीवर सुपारी कातरत बसू लागला. यंत्र देव्हाऱ्यातून निघून जुन्या लुंगीत बांधून माळ्यावर गेलं.

एकदाच ते दुकानात आले. पावसाची उघडीप होती. फळीवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, तुझ्या हातात चार दिवस व्हतं. तुला काय वाटलं?" मी छिन्नीची धार बघत राहिलो. जुन्या गोष्टी आहेत, कोण सांगणार, असं काहीतरी पुटपुटलो. उठताना म्हणाले, "पणज्याला खोटा म्हणवत न्हाय. मंग मीच खोटा असंन."

चार-पाच वर्षांनी ते गेले. मी खांदा दिला.

छाप माझ्याकडे होता. मुंबईचे गृहस्थ आले त्या दिवशीच तो पुढे केला असता तर सगळं फिरलं असतं, कारण बावीस अंश वीस कला म्हणजे खंबायत. हे मला नंतर नकाशा पाहून कळलं. घरात पहिल्यापासून सांगत आलेली गोष्ट त्या आकड्यात कोरलेली होती आणि मी ती ऐरणीवर ठोकून सपाट केली होती. दोनदा मी तो कागद चुलीपर्यंत नेला. जाळला तर मी खरोखरच चोर ठरीन आणि ठेवला तर कधीतरी सापडेल, या दोन भीतींच्या मध्ये तो पंचांगाच्या पुठ्ठ्यात राहिला. दोन वर्षांत मी नावं घालणं सोडलं. डोळे गेले म्हणून सांगितलं. डोळे चांगले होते. छिन्नी धरली की पाटीचा तो वेगळा आवाज ऐकू यायचा आणि मी ती खाली ठेवायचो.

तर श्रावणातला तो फोन बुधवारी आला. रविवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. गुरुवारी ठरवलं, ताप आला म्हणायचं. शुक्रवारी ठरवलं, जायचं आणि काही बोलायचं नाही, बाई स्वतःच काय ते ठरवतील. दारात रिक्षा थांबली की वाटे, लवकर आल्या. नातू विचारत होता, आजोबा तुम्ही पायरीवर का बसता. शनिवारी कागद पुठ्ठ्यातून काढला. घड्यांवर फाटायला आला होता, पण आकडे स्पष्ट होते. तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिसा सेफ्टी पिनने बंद केला. कशासाठी, ते मलाच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी कोळीवाड्यात गेलो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून चालताना दोनदा खिसा चाचपला. वहिनी ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू नीट येतं, दिसत कमी. म्हणाल्या, "ये भाऊ. तूच राहिलास त्यांच्यातला." मुलीने चहा दिला, तो मी हातात धरून बसलो.

पुण्याच्या बाई तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी वहिनींना आधी नमस्कार केला, मग पाचर काढून यंत्राचे भाग एकेक करून पांढऱ्या कापडावर मांडले. मुंबईच्या गृहस्थांसारखं त्यांनी काही जाहीर केलं नाही, जे दिसेल ते बोलत होत्या. जाळीचं टोक दाखवून म्हणाल्या, ही चित्रा, किती नेमकी बसवलीय बघा. पाटीवरची वर्तुळं मोजली आणि म्हणाल्या, हे आखणारा फार तयारीचा माणूस होता. मग त्यांनी एक छोटा कॅमेरा पाटीवर टेकवला आणि लॅपटॉपचा पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

पडद्यावर माझे ठोके दिसले, एकेक ठिपका बोराएवढा. आणि ठिपक्यांच्या तळाशी, कुठे कुठे, जुन्या कारागिराची ओढलेली सफाईदार रेघ. तीस वर्षं जे माझ्या एकट्याच्या डोक्यात होतं ते ओटीवर, सकाळच्या उजेडात, तांडेलांच्या फोटोसमोर मांडलेलं होतं. पळून जावं असं वाटलं.

बाई म्हणाल्या, इथे दोन हात आहेत. एक खूप जुना, एक अलीकडचा. सगळीकडे जुन्यावर नवा आहे, फक्त या अक्षांशाच्या आकड्याखाली जुना सापडत नाही, इथे पत्रा ठोकलेला आहे.

"म्हंजे काय समजू मी?" वहिनींनी विचारलं. "खोटं का खरं?"

बाईंनी सांगितलं, यंत्र जुनं वाटतंय आजी, पण कुठलं आहे, कुणी कधी काय बदललं, ते मी लिहू शकणार नाही. तो आकडा आधी काय होता हे कळलं असतं तर सगळंच सांगता आलं असतं. वर्तुळांवरून अंदाज येतो, पण अंदाजाला लोक अंदाजच म्हणतात. घरच्यांनीच नंतर फेरफार केला, असाही अर्थ कुणी काढील.

घरच्यांनी म्हणजे तांडेलांनी. हे सगळ्यांना कळलं. मुलीने मान खाली घातली.

मी सेफ्टी पिन काढायला लागलो. ती निघेना. मुलीला वाटलं, मला घाम आलाय, तिने पंखा माझ्याकडे वळवला. कागद निघाला तेव्हा मी तो बाईंच्या हातात दिला आणि म्हणालो, "बावीस अंश वीस कला होतं. मी पुसलं." पुढचं सगळं मी जमिनीकडे बघत सांगितलं. दसरा, ऐरण, नकाशा, शेवग्याचं झाड, दुकानातली फळी. मधे कुणी थांबवलं नाही, थांबवलं असतं तर बरं झालं असतं.

बाई कागदावर वाकल्या होत्या. त्यांचा आवाज एकदम वर चढला. छायेचा आकडा जुळतोय, परमदिनाचा जुळतोय, वर्तुळं जुळताहेत. ही पाटी खंबायतचीच. तुमच्या घरची गोष्ट बरोबर आहे, असं त्यांनी मुलीला सांगितलं, आणि मुलगी तोंडाला पदर लावून आत गेली.

वहिनींनी मला जवळ बोलावलं. मी समोर जाऊन उकिडवा बसलो. त्यांना दिसत नाही म्हणून त्या माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघू लागल्या. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर मी सुटलो असतो.

"तो साहेब आला तवा तू अंगणात व्हतास ना?"

"होतो वहिनी."

"आन् ते माळ्यावर ठेवलं, तवाबी ठाऊक व्हतं तुला."

"होतं."

त्या मागे टेकल्या. मग बोलल्या ते हिशेबीपणाने, घरातलं काम नेमून द्यावं तसं. इथे माझ्यापुढे सांगून काय उपयोग, मला तर मनातून ते खरेच वाटत होते. जे हसले त्यांना सांग. त्यातले चौघं जिवंत आहेत. एक याच आळीत, एक बाजारात पोराच्या दुकानावर बसतो, एक किहीमला कुणाच्या तरी बंगल्याची राखण करतो, आणि एक आगरदांड्याला मुलाकडे असतो. एकेकाच्या दारात जाऊन सांग. मग ये.

मी हो म्हटलं. निघताना त्यांनी चहाला विचारलं नाही, आणि मुलगी बाहेर आली नाही.

आळीतल्याकडे त्याच दुपारी गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, ते यंत्र तेव्हा खरं ठरलं असतं तरी आम्ही हसलोच असतो, तांडेल फार मिजास करायचा. पण मी उठून निघालो तेव्हा तो माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. बाजारातल्याने दुकानात गिऱ्हाइकं असताना मला सांगायला लावलं. आमचं दुकान होतं त्याच्या समोरच ते दुकान आहे. दोन बायका खरेदी सोडून ऐकत उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या एकीच्या सासरच्या घंगाळावर मीच नाव घातलं होतं.

किहीमला जायला दोन एसट्या बदलल्या. नारळांमधला तो बंगला शोधून काढला, माणूस झाडांना पाणी घालत होता. मला ओळखलं, बसायला दगड दाखवला. मी सांगितलं. तो विचारात पडला. त्याला यंत्र आठवेना. बंदरावर कुणी तांडेलांना हसत होतं, हेही आठवेना. चांगला माणूस होता, एवढंच म्हणाला आणि पाइप दुसऱ्या झाडाच्या आळ्यात टाकला. एका माणसाचं आयुष्य ज्याने घरात बसवलं ते दुसऱ्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. परतताना एसटीत मला त्या विसरण्याची इतकी भीती वाटली की मी घरी येऊन लगेच हे लिहायला घेतलं. मेलेल्यांच्या दारात जाता येत नाही, आणि जिवंत विसरतात.

मधे एकदा वहिनींकडे जाऊन तिघांचं सांगून आलो. कोण काय म्हणालं ते त्यांनी शब्दनशब्द विचारून घेतलं. किहीमच्याचं दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, आगरदांड्याला कधी जातोस.

तिथे जायची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. 'यंत्रात किती वाजलं' हे पहिल्यांदा ओरडला तो हाच. मी म्हटलं, वहिनी, त्याच्या मुलाला फोन केला होता. ते अंथरुणाला खिळलेत, आणि कानांनी काहीच ऐकू येत नाही म्हणे. घर जेट्टीच्या रस्त्यावर आहे, खाडीपलीकडे नेणाऱ्या तराफ्यासाठी माणसं दारातच उभी असतात. कसं सांगू त्यांना?

वहिनी चाचपत उठल्या, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मंग मोठ्यानं सांग."

बुधवारी सकाळच्या गाडीने निघतो आहे.